आईला 'ओ' रक्तही चालेना

गर्भाशयातल्या गाठींमुळे आईचं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. ऑपरेशनसाठी दोन पिशव्या रक्त लागणार होतं. कार्डावर गट ओ पॉझिटिव्ह, तेव्हा सांगलीत रक्ताची चिंता कुणालाच नव्हती. मग रक्तपेढीतून फोन आला, क्रॉसमॅच (आईचं आणि पिशवीतलं रक्त एकत्र करून बघायची चाचणी) जुळत नाही. ओची जी पिशवी घ्यावी तिच्याशी गुठळ्याच.

तिथल्या टेक्निशियन ताई चिकाटीच्या निघाल्या. तांबड्या पेशींवर अँटी-ए आणि अँटी-बी (ए, बी ओळखून गुठळी करणारी द्रावणं) टाकायचं, कशानेच गुठळी झाली नाही तर 'ओ' लिहायचं, एवढ्यावर अनेक ठिकाणी तपासणी संपते. ताईंनी उलट बाजूने आईचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशींवाचूनचा पातळ भाग, ओ पेशींवर टाकलं. खऱ्या ओ माणसाच्या बाबतीत तिथे काही होत नाही. आईच्या सीरमने गुठळी केली. पुढे अँटी-एचने खात्री झाली : बॉम्बे ग्रुप.

डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत शोधलेला हा गट. ए आणि बी म्हणजे तांबड्या पेशींवरच्या खुणा, एच नावाच्या पायावर चढलेले मजले. ओमध्ये नुसता पाया, आणि बॉम्बे गटात पायाच नाही. त्यामुळे शरीर एचलाच परकं मानतं, आणि एच सगळ्यात जास्त असतं ते ओ पेशींवर. सगळ्यांना चालणारं म्हणून ज्याचा गवगवा, तेच रक्त आईच्या जिवावर उठलं असतं.

जाता जाता एक जुनं कोडंही सुटलं. बाबा ओ, आई ओ आणि मी बी! बारावीच्या जीवशास्त्राप्रमाणे मी या घरातला नव्हतोच. आईकडे बीचं जनुक होतं, पण एचवाचून ते दिसत नव्हतं; माझ्यात बाबांकडून एच आलं आणि ते उघड झालं. बाबा यावर बराच वेळ हसले.

भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक, पण सख्ख्या भावंडांत शक्यता चारात एक. त्यात आजीचं लग्न आतेभावाशी झालेलं, म्हणजे तेच जनुक दोन्हीकडून येणं आणखी सोपं. मामा आणि मावशी दोघंही जुळले! पण दात्याचं हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं, मावशीचं अकरा. मामाने दिलं. तेही तसंच चढवता येत नाही : जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशींना रुग्णाचं शरीर परकं ओळखत नाही, आणि त्या शरीरावरच उलटू शकतात. म्हणून पिशवीवर आधी किरणांचा मारा करतात. ती सोय असलेल्या शहरात पिशवी पाठवून आणली.

दुसऱ्या पिशवीची वाट बघण्यापेक्षा डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं, रक्तस्राव थांबवायची औषधं आणि शिरेतून लोह दिलं. हिमोग्लोबिन दहावर गेलं आणि मामाच्या एका पिशवीत भागलं.

मामाचं नाव आता दुर्मीळ दात्यांच्या यादीत आहे. मावशी लोहाच्या गोळ्या घेतेय, तिला १२.५ गाठायचंय.