‘तुम्ही घासलंत म्हणून भोक पडलं!’

पॉलिशला भांडं टाकणारा माणूस ‘आरशासारखं झालं पाहिजे हं’ म्हणतोच. त्या दिवशी आलेल्या काकूही तेच म्हणाल्या. पाणी तापवायचं जुनं तांब्याचं पातेलं होतं. पोटाला पोचे, बाहेरून बुडाला काजळी, आत पांढरट क्षाराचा थर आणि पितळी कड्यांच्या मुळाशी हिरवं. यात आता प्यायचं पाणी भरायचं, असा त्यांचा विचार. ‘थेंबभर गळत नाही, मी रात्रभर भरून ठेवलं होतं,’ असंही बजावून गेल्या.

लोहचुंबक चिकटलं नाही, म्हणजे निदान तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड तरी नव्हतं. वजनही खऱ्या तांब्याचं वाटलं. फक्त बुडावर टिचकी मारली की आवाज बसका येत होता, तो मला आवडला नाही. अशा वेळी मी भांडं सरळ बफच्या, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरत नाही. आधी साबणाचं गरम पाणी, मग लिंबू आणि मीठ, तेही थोड्याच जागेवर. काळा थर हा वरून बसलेला मळ नसतो, तांब्याचाच वरचा पापुद्रा हवेशी मिळून काळा झालेला असतो. आंबट लागलं की तो विरघळतो, मीठ त्याला हात देतं, आणि खालून कच्च्या गुलाबी रंगाचं तांबं निघतं. कड्यांना मात्र मी लिंबू फार वेळ लागू देत नाही. आंबटात पडून राहिलं की पितळेतलं जस्त सुटतं आणि पिवळं पितळ तांबूस दिसायला लागतं.

पोट छान निघालं. मग आत बुडाला तळहाताएवढ्या जागेवर लिंबाचा रस सोडला. क्षार फसफसला, मऊ पडला, पुसून काढला. खाली बारीक बारीक खड्डे होते. नखाला लागतील एवढे खोल.

तिथेच हात थांबवला आणि काकूंना बोलावून घेतलं. दिवे घालवले, पातेलं टॉर्चवर पालथं घातलं. साफ केलेल्या जागेत उजेडाचे दोन ठिपके. बाकीचं बूड काळं ठिक्कर, कारण तिथला क्षार अजून जागेवर होता.

‘म्हणजे तुम्ही घासलंत म्हणून भोक पडलं!’

‘भोक होतंच काकू. मी फक्त बूच काढलं.’

त्यांना पटेना. साहजिक आहे, माझ्याकडे यायच्या आधी पातेलं गळत नव्हतं. शेवटी मी पातेलं त्यांच्याच हातात दिलं. बाहेरच्या बाजूने, जिथे मी हातही लावला नव्हता, तिथे काजळीखाली त्याच दोन जागी हिरवे डाग होते. पाणी आतून झिरपत आलं होतं आणि तिथेच सुकत होतं. ते बघून काकू जरा नरमल्या.

मग आरशाचा हट्ट सोडायला सांगितला. बफच्या चाकाने चकाकी येते ती धातू खरवडूनच येते, आणि या बुडाला खरवडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. सगळा क्षार काढला, आणखी एक भोक निघालं. तिन्हींना आतून डाख दिला, म्हणजे धातू वितळवून भोकं बुजवली, तोही शुद्ध कथलाचा. शिसं मिसळलेला डाख प्यायच्या पाण्याच्या भांड्याला मी लावत नाही. पोट हाताने चोळून उजळलं, बूड साफ करून तसंच ठेवलं.

नेताना दोनच गोष्टी सांगितल्या. लिंबू लावलं की लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडं पुसायचं, ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. आणि हे परत कधी आचेवर चढवायचं नाही, कथील २३२ अंशांनाच वितळतं.

काही दिवसांनी काकू एक कळकट तांब्या घेऊन आल्या. दुसऱ्या हातात घरची टॉर्च.

‘आधी माझ्यासमोर उजेड पाडून बघा,’ म्हणाल्या, ‘मग घासा.’