शॅडो टीचरने खुर्ची कुठे ठेवावी?

जूनमध्ये ठाणे-नवी मुंबईतल्या शाळा उघडल्या की अनेक वर्गांत मुलाच्या बाकाला खेटून एक जादा खुर्ची येते, आणि मार्चपर्यंत ती तिथून हलत नाही. ती शॅडो टीचरची, म्हणजे विशेष गरजा असलेल्या एका मुलाला वर्गात मदत करायला सोबत बसणाऱ्या ताईची. नवीन शॅडो टीचरला मी सगळ्यात आधी याच खुर्चीबद्दल सांगते. तुमची मदत महिन्यागणिक कमी होते आहे की नाही, हे त्या खुर्चीच्या जागेवरून कळतं.

सुरुवातीला खुर्ची मुलाच्या बाजूला, पण हातभर मागे ठेवा. फळा आणि मूल यांच्या मध्ये कधीच नको. मुलाला तुमच्या चेहऱ्याऐवजी बाई दिसल्या पाहिजेत. एखाद्या तासाला मूल स्वतःहून वही काढून कामाला लागतं आहे असं आठवडाभर दिसलं, की फक्त त्याच तासाला एक बाक मागे जा. आवडीच्या विषयापासून सुरुवात करा, बहुतेकदा चित्रकला किंवा गणित. सगळे तास एकदम सोडले तर आठ दिवसांत पुन्हा बाजूला येऊन बसावं लागतं. परीक्षा आली, गॅदरिंगची प्रॅक्टिस सुरू झाली, की खुर्ची काही दिवस पुढे आणायला हरकत नाही.

आता मदत कशी करायची. बाईंनी वर्गाला सूचना दिली की आधी गप्प बसा. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. काही मुलांना दहापर्यंत वेळ लागतो. मग बोटाने वहीकडे खूण करा. तरी झालं नाही तर बाजूच्या मुलाकडे बघायला सुचवा. शब्द त्यानंतर, आणि तेही एकदाच. ‘वही काढ’ तीनदा म्हटलं की मूल शिकतं, तिसऱ्यांदा सांगेपर्यंत थांबायचं असतं. खूण हळूहळू लहान करता येते. आवाजाची मदत सुटायला फार वेळ लागतो, म्हणून ती जपून वापरायची.

हा क्रम येत असलेल्या कामासाठी. अगदी नवीन कामाला उलट जायचं: हातावर हात, मग फक्त मनगटाला आधार, मग कोपराला, मग काहीच नाही. हात धरण्याआधी विचारा. मुलाने हात ओढून घेतला तर सोडा. डब्याच्या क्लिपा, दप्तराची चेन, बटणं यांना शेवटच्या पायरीपासून शिकवलेलं जास्त लवकर जमतं. डब्याच्या दोन्ही क्लिपा तुम्ही काढा, झाकण त्याने उचलावं. ते जमलं की दुसरी क्लिप त्याची, मग पहिलीही. प्रत्येक वेळी डबा त्याच्याच हाताने उघडतो, त्यामुळे पुढच्या वेळी तो हात मागे घेत नाही.

दिवसाच्या वेळापत्रकाची पट्टी जवळजवळ प्रत्येक ऑटिस्टिक मुलाला उपयोगी पडते. जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, पाच सेंटिमीटरची चौकोनी चित्रं लॅमिनेट करा आणि वेल्क्रो लावा. वेल्क्रोची मऊ बाजू नेहमी पट्टीवर, खरखरीत बाजू नेहमी चित्रांवर, नाहीतर बदली चित्र चिकटत नाही. आठही तास एकदम दाखवू नका; तीन चित्रं पुरतात. झालेलं चित्र मुलाने स्वतः काढून ‘झालं’ लिहिलेल्या पाकिटात टाकायचं. आणि ‘बदल’ असं एक कार्ड पहिल्या दिवसापासून ठेवाच. पावसाळ्यात मैदान बंद, पीटी वर्गात, घोडबंदर रोडला व्हॅन अडकलेली: आपल्याकडे बदल रोजचाच. बाईंनी वर्गाला सांगण्याआधी दोन मिनिटं तुम्ही ते कार्ड लावलंत, तर बरंचसं रडणं टळतं.

लिहिण्याच्या अडचणीत मराठीच्या काही खास जागा आहेत. पहिली वेलांटी ऐकू येते अक्षरानंतर आणि लिहायची आधी. हा उलटा क्रम कित्येक मुलांना अडवतो. अशा मुलाला आधी अक्षर लिहू द्या, वेलांटीसाठी जागा सोडून. भ-म, घ-ध, थ-य, ष-प या जोड्या एका दिवशी शिकवू नका. एक पक्कं झाल्यावरच दुसरं. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच ओढायची, म्हणजे दोन शब्दांमध्ये अंतर आपोआप पडतं. फळ्यावरून उतरवताना मूल जागा हरवत असेल तर तोच मजकूर कागदावर बाकावर ठेवा आणि झालेल्या ओळीवर पट्टी सरकवत न्या. दहा वाक्यांऐवजी चार चालतील का, हे बाईंशी आधीच ठरवून घ्या. मुलाच्या जागी तुम्ही लिहून वही पूर्ण केलीत, तर ती वही बघून त्याला काय येतं हे कुणालाच कळणार नाही.

वर्तनाची नोंद वहीत चार रकान्यांत करा: वेळ, आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय मिळालं. चौथा रकाना लोक मोकळा सोडतात आणि खरं उत्तर तिथेच असतं. गणिताच्या तासाला मूल वही फाडतं, मग त्याला व्हरांड्यात नेतात. म्हणजे वही फाडली की गणित टळतं, हे आपणच शिकवलं. इथे ‘ब्रेक’ लिहिलेलं कार्ड द्या. सुरुवातीला त्याने कार्ड दाखवलं की लगेच दोन मिनिटांची सुट्टी, वाळूचं घड्याळ लावून. सवय लागली की ‘एक गणित, मग ब्रेक’, मग दोन. जुनी युक्ती चालेनाशी झाली की वागणं आधी वाढतं, मग उतरतं. हे क्लास टीचरला आणि आईवडिलांना आधी सांगितलं नाही तर तिसऱ्याच दिवशी सगळे माघार घेतात. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर मात्र आधी सुरक्षितता, आणि स्पेशल एज्युकेटरला, म्हणजे विशेष शिक्षकाला, लगेच कळवणं.

न बोलणाऱ्या मुलाकडे मागण्याचं काहीतरी साधन हवंच. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांचं मोफत अ‍ॅप मराठीतही चालतं. मोबाईल चालत नसेल त्या शाळेत छापील कार्डांची रिंग करा: पाणी, शू, ब्रेक, दुखतंय, नको. ‘नको’ हे कार्ड विसरू नका.

नवरात्रात टेंभी नाक्याच्या आसपास काय आवाज असतो ते ठाणेकरांना सांगायला नको. कानावरचे हेडफोन अशा तासभराच्या गोंगाटासाठी ठेवा. दिवसभर लावले तर बाईंचा आवाजही बंद होतो. जड काम बऱ्याच मुलांना शांत करतं: वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये नेणं, भिंतीला दहा वेळा जोर लावणं. नेमकं काय आणि किती, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारा.

दोन गोष्टींत तडजोड नको. पहिली, टॉयलेट. मुलाला कोणती मदत लागते, ती कोण करेल, हे पालक आणि शाळा दोघांकडून लेखी घ्या. दार पूर्ण बंद नको, शाळेच्या मावशी आसपास हव्यात. दर तास-दीड तासाने नेलं तर कपडे खराब होण्याचे प्रसंग कमी होतात. दुसरी, फिट. वेळ लगेच बघा, मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी नाही, चमचा नाही. कांदा-चप्पल हुंगवणं तर मुळीच नाही. पाच मिनिटांवर गेली, शुद्ध न येता लगेच दुसरी आली किंवा श्वास नीट चालत नसेल, तर 108. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय हे क्लास टीचरलाही माहीत हवं.

मूल वर्गाचं आहे, शॅडोचं नाही. बाई ‘ताई, याला उभं करा’ म्हणाल्या, तर मधल्या सुट्टीत नम्रपणे सांगा की त्यांनी नावानेच हाक मारावी. वही बाईंनीच तपासावी. बाकावरचा जोडीदार दर आठवड्याला बदला. एकाच हुशार मुलीला वर्षभर सांभाळायला बसवणं तिच्यावर अन्याय आहे. गेटवर आईला सगळ्यांसमोर दिवसाच्या तक्रारी ऐकवू नका. डायरीत तीन ओळी लिहा, त्यातली एक आज स्वतः काय केलं याची.

आयईपी, म्हणजे त्या मुलापुरता आखलेला शिक्षणाचा आराखडा, बनवणं शॅडोचं काम नाही. ते भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या स्पेशल एज्युकेटरचं. पण त्यातली या तिमाहीची उद्दिष्टं तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर हवीत, नाहीतर रोजची धावपळ कशासाठी हेच कळत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व येतं, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी देणं हे शाळेचं काम आहे. त्यामुळे मोठ्या अक्षरांचा कागद असो वा पुढचा बाक, तो उपकार म्हणून मागू नका. नवी मुंबईतल्या पालकांना थेरपीसाठी वाशीचं महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र सुचवता येतं.

मार्चमध्ये पुढच्या ताईसाठी दोन पानं लिहून ठेवा: कोणत्या तासाला खुर्ची कुठवर गेली, कोणती खूण चालते, कशाने बिनसतं, कोणतं बक्षीस आता आवडेनासं झालं. आणि नवीन वर्ग भरण्याआधी मुलाला तो रिकामा असताना एकदा दाखवून आणा. बाक, फळा, टॉयलेटचा रस्ता, पाण्याचा नळ, याच क्रमाने.