उजवीकडचा टीव्ही

सलग आठ सकाळी तेच. चहाचा कप घेऊन खुर्चीत बसावं, तर सगळ्या खिडक्या डाव्या मॉनिटरवर गोळा झालेल्या आणि उजवा मॉनिटर रिकामा, लख्ख. जणू रात्रीतून कुणीतरी येऊन जागा खाली करून घेतली आहे.

माझ्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत. डावीकडे जुना चोवीस इंची, उजवीकडे नवा सत्तावीस इंची. कॉम्प्युटरवर लिनक्स, आणि त्यावर आय-थ्री नावाचा टायलिंग विंडो मॅनेजर. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: यात खिडक्या एकमेकींच्या अंगावर पडत नाहीत. पहिली उघडली की अख्खा पडदा तिचा. दुसरी आली की निम्मा-निम्मा. तिसरी आली की तीन समान हिस्से. थोडक्यात वडिलोपार्जित जमीन, फक्त वाटणीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. एकाच पडद्यावर पाच-सहा टर्मिनल (हुकूम टाइप करायच्या खिडक्या) उघडले की एकेकाच्या वाट्याला एवढी चिंचोळी पट्टी येते, की मला १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आठवतो.

हे खूळ नवं नाही. १९८५ साली आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीतही खिडक्या अशाच शेजारी शेजारी बसायच्या. एकीवर दुसरी ठेवायची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली आणि बहुतेक जग पसाऱ्याला सरावलं. ज्यांना पसारा मानवला नाही, त्यांनी पुढे डीडब्ल्यूएम (२००६), एक्समोनाड (२००७), आय-थ्री (२००९) अशी आपापली बिऱ्हाडं थाटली. या मंडळींत आपसात मतभेद भरपूर आहेत. एक्समोनाडमध्ये सगळे वर्कस्पेस, म्हणजे खिडक्यांचे नंबर दिलेले गट, सामायिक असतात. कोणताही वर्कस्पेस समोरच्या मॉनिटरवर बोलवा, तो येतो; दुसऱ्या मॉनिटरवर आधीच उघडा असेल तर दोघांची अदलाबदल होते. आय-थ्रीत वाटणी झालेली असते. सहा नंबर उजवीकडे राहत असेल, तर त्याला हाक मारल्यावर तो येत नाही, आपणच त्याच्याकडे जायचं.

मी मुद्दाम हे वाटणीवालं घर निवडलं. मला खिडक्यांची नावं लक्षात राहत नाहीत, बाजू राहते. ईमेल कुठे? उजवीकडे. कोड? डावीकडे. आमच्या आईलाही सांडशी कुठे आहे हे सांगता येत नाही, पण ओट्यापाशी उभी राहिली की हात बरोबर त्या खिळ्याकडे जातो. म्हणून उजवीकडचं सगळं डावीकडे आलं, की मला नुसती गैरसोय होत नाही, स्वतःच्या घरात धडपडल्यासारखं होतं.

तर तपास. पहिला संशय केबलवर. नवी आणली, फरक शून्य. (जुनी अजून फेकलेली नाही. आमच्याकडे केबल फेकत नाहीत, तिला ड्रॉवर असतो.) मग ड्रायव्हरवर, मग अपडेटवर. दोन संध्याकाळी कॉन्फिग फाइल, म्हणजे आय-थ्रीच्या सेटिंगची यादी, ओळ न् ओळ वाचण्यात गेल्या. शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे लॉग, कॉम्प्युटरची नोंदवही, उघडला. उजवा मॉनिटर रोज रात्री ‘डिस्कनेक्टेड’ होत होता. दहा बेचाळीस. आदल्या दिवशी दहा एकोणचाळीस. त्याआधी दहा पंचेचाळीस.

इथे मी थबकलो. यंत्राचं काम असतं तर रोज ठोक एकच वेळ असती. ही वेळ मालिका संपण्याची होती.

“आई, रात्री तू माझ्या खोलीत येतेस का?”

“येते की. तू झोपलेला असतोस. तो उजवीकडचा टीव्ही बंद करते. दिवा जळत असतो त्याचा रात्रभर.”

“आणि डावीकडचा?”

“त्याचं बटण नाही सापडत मला.”

डाव्याची पिन टेबलामागच्या एक्स्टेन्शन बोर्डात आहे, तिथवर आईचा हात पोचत नाही. उजव्याची सरळ भिंतीवरच्या बोर्डात. कॉम्प्युटर रात्रभर चालू असतो, त्याला हात लावायचा नाही हे तिला मीच सांगितलं होतं, आणि ते तिने तंतोतंत पाळलं होतं.

पुढचं कोडं आपोआप सुटलं. उजवा मॉनिटर डिस्प्लेपोर्ट नावाच्या जोडणीवर आहे. त्याची वीज तोडली की केबलमधून येणारा ‘मी आहे’ हा इशाराच थांबतो, आणि कॉम्प्युटरच्या लेखी तो मॉनिटर बंद होत नाही, घर सोडून जातो. एचडीएमआय या दुसऱ्या जोडणीचं तसं नसतं. तिथे मॉनिटरची ओळख सांगणाऱ्या चिपला कॉम्प्युटरच पाच व्होल्ट पुरवतो, त्यामुळे पडदा काळा पडला तरी हजेरी बहुधा लागते. त्यात भर माझी. मॉनिटर आला-गेला की मांडणी बदलायला ऑटोरँडर नावाचा कारकून मीच नेमून ठेवला होता. त्याने नेमून दिल्याप्रमाणे सगळी बिऱ्हाडं डावीकडे हलवली. चूक कुणाचीच नाही. घरातल्या बहुतेक भांडणांसारखं.

आईला ‘बंद करू नकोस’ म्हणायचं धैर्य मला झालं नाही, कारण मुद्दा तिचाच बरोबर होता. मग प्रश्न उरला तो एवढाच, की सकाळी मी बटण दाबल्यावर खिडक्या परत का जात नाहीत? कॉन्फिगमध्ये तर स्पष्ट लिहिलं होतं, की सहा ते दहा नंबरचे वर्कस्पेस उजव्या मॉनिटरचे. मॉनिटर परत आला की आय-थ्रीने ते त्याच्या हवाली करायला हवेत.

या ओळी मी जुन्या लॅपटॉपवरून उचलल्या होत्या. तिथे त्या जोडणीचं नाव ‘डीपी१’ होतं. इथे दुसरा ड्रायव्हर, म्हणून नाव ‘डीपी-१’. मधली एक आडवी रेघ. आधार कार्डावर काना आणि पासबुकावर नाही, म्हणून ज्यांनी बँकेत खेटे घातले आहेत त्यांना यापुढे काही सांगायला नको. बँक निदान तोंडावर नाही म्हणते. आय-थ्री काहीच म्हणत नाही. ‘डीपी१’ नावाचा मॉनिटर आज नसेल, उद्या कुणी जोडेल, असं धरून तो निमूट वाट पाहत बसतो. रेघ घातली आणि नवव्या सकाळी उजवा मॉनिटर चालू करताच ईमेल, कॅलेंडर, सगळी मंडळी आपल्या घरी परतली. मी एकटाच हसत होतो.

मग राहवेना. हात लागलाच आहे तर माऊसचंही पाहू म्हटलं. तो उजवीकडून डावीकडे जाताना खालच्या भागात अदृश्य भिंतीला आपटायचा. यालाही कारण होतं. टेबलावर दोन्ही पडद्यांच्या उंचीत जेमतेम चार सेंटिमीटरचा फरक आहे. पण कॉम्प्युटर सेंटिमीटर पाहत नाही, ठिपके मोजतो. डावा १९२० बाय १०८०, उजवा २५६० बाय १४४०. दोघांच्या वरच्या कडा जुळवल्या की डाव्याच्या खाली ३६० ठिपक्यांची पट्टी उरते. नकाशात ती जमीन आहे, प्रत्यक्षात तिथे टेबलाचं लाकूड आहे. माऊस तिथे जाणार कसा?

मध्यंतरी फ्लॅटचं खरेदीखत वाचलं होतं, त्यातली चतुःसीमा आठवली: पूर्वेस अमुक, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस तमुक. एक्सरँडर हा हुकूम म्हणजे तेच दप्तर. कोण कोणाच्या डावीकडे, कोणाचा वरचा डावा कोपरा मूळ बिंदूपासून किती आत, किती खाली. मी डाव्याला ३६० ठिपके खाली उतरवून तळाच्या कडा जुळवल्या. भिंत आता वरच्या अंगाला गेली, जिथे मी क्वचितच जातो. पट्टी नाहीशी होत नाहीच, फक्त कुठे ठेवायची ते आपण ठरवायचं. मधोमधही करून पाहिलं, १८० वर. मग दोन्हीकडे आपटायला लागलं.

काल रात्री लॉगमध्ये ओळ पडली, दहा एकेचाळीस. सकाळी मी बटण दाबलं, उजवीकडचं उजवीकडे गेलं. आई मागे उभी राहून पाहत होती.

“झालं ना तुझं दुरुस्त? मग आता त्या डावीकडच्याचं बटण कुठंय ते तेवढं दाखवून ठेव.”