एक काना

भीमजयंतीच्या आठवड्यात नागपुरातल्या एका वस्तीत ‘सेल्मा’ दाखवायचा होता. मार्टिन ल्युथर किंग आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला कृष्णवर्णीयांचा मतदानाच्या हक्काचा लढा यांवरचा, एव्हा डुव्हर्ने यांनी दिग्दर्शित केलेला २०१४चा चित्रपट. मराठी सबटायटल्स माझ्याकडे होती. किंग यांची भाषणं आधीच वाचून ठेवली होती, पण काम सुरू केल्यावर कळलं की ती पडद्यावर नाहीतच. भाषणांचे हक्क दुसऱ्यांकडे गेलेले, म्हणून दिग्दर्शिकेने ती नव्याने लिहिली. ठेका किंगचा, शब्द तिचे. वेळ तिथे जाईल असं वाटलं होतं. मी अडले भलतीकडेच.

सुरुवातीलाच अ‍ॅनी ली कूपर ही कृष्णवर्णीय बाई मतदार नोंदणीचा अर्ज घेऊन खिडकीशी येते. ऑप्रा विन्फ्रीने केलीय ती. कारकून तिला संविधानाची उद्देशिका म्हणायला लावतो. ती म्हणू लागते. मग विचारतो, अलाबामात काउंटी जज किती? सदुसष्ट. आता त्यांची नावं सांगा.

‘सांगा’ असंच लिहिलं मी. सरकारी कचेरी, समोर पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’.

बाबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “हा तिला अहो-जाहो करेल?”

मी काही बोलायच्या आत तेच पुढे बोलले. “पटवाऱ्याचा पोरगा माझ्या वर्गात होता. दहा वर्षांचा. माझ्या बापाला ‘ए’ म्हणायचा, नाव अर्ध्यात मोडून. आणि बाप त्याला ‘छोटे मालक’.” आजोबांबद्दल हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

काम बाजूला ठेवून मी वाचत बसले. सेल्मा शहर ज्या डॅलस काउंटीत आहे तिथे तेव्हा निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय, पण मतदार यादीत त्यांच्यातले शंभरात दोनेक. वाचता वाचता मेरी हॅमिल्टन ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती सापडली. १९६३ साली अलाबामातल्याच गॅड्सडेनच्या कोर्टात सरकारी वकिलाने तिला नुसतं ‘मेरी’ म्हटलं. गोऱ्या साक्षीदारांना मिस्टर, मिसेस; हिला नुसतं नाव. मला मिस हॅमिल्टन म्हणत नाही तोवर उत्तर देणार नाही, असं तिने भर कोर्टात सांगितलं. अवमान म्हणून पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९६४ मध्ये जिंकली. एका ‘मिस’साठी.

मग पहिल्यापासून सगळी फाईल पुन्हा तपासली, कोण कोणाला काय म्हणेल ते बघत. शेरीफ जिम क्लार्क सगळ्यांना ‘तू’. पोलिसांच्या गोळीने नातू गमावलेल्या म्हाताऱ्या केगर ली यांच्याशी किंग बोलतात तिथे ‘तुम्ही’. संध्याकाळपर्यंत तेवढंच झालं. शेवटी त्या खिडकीपाशी परत आले आणि ‘सांगा’चा शेवटचा काना पुसला. ‘नावं सांग.’ अ‍ॅनी लीच्या तोंडी सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवलं. अर्जावर शिक्का पडतो, ‘नामंजूर’.

खेळ सुरू झाला तेव्हा मी प्रोजेक्टरजवळ उभी होते. ती ओळ पडद्यावर आली. बायकांच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला, “त्याले तरी येतेत काय सदुसष्ट नावं?”