त्या पैशांत बाकं आली असती

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नाच्या पंगतीत विचारता, शाळेच्या ओट्यावर विचारता. परवा एका निवृत्त गुरुजींनी तर मुद्दाम फोन केला. "बाई, मुलांवर संशोधन करायला ट्रस्टवाले तुम्हाला एवढा पैसा देतात. तेवढ्यात शाळेला बाकं आली असती, पोरांना दप्तरं मिळाली असती. सर्वे करून पोरांच्या हाती काय पडलं?"

बारा वर्षं मी गावोगाव मुलांची वाचनचाचणी घेत फिरते आहे. माझा पगार त्याच पैशांतून निघतो, हे आधीच सांगते.

बाकं हवीतच. पण बाक आलं की पोर वाचायला लागतं, हे कुणी पाहिलंय? केनियातल्या खेड्यांतल्या शाळांत १९९० च्या दशकात एका संस्थेनं फुकट पाठ्यपुस्तकं वाटली आणि परिणाम मोजला. सरासरी गुण हलले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि कित्येक मुलांची ती तिसरी भाषा होती. मोजलं नसतं तर वाटपातच सगळ्यांनी समाधान मानलं असतं. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास गावागावांत बैठका घेऊन पालकांना ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावले. पालक जागे झाले की शाळा सुधारेल, असं मलाही वाटायचं. शाळेत फरक पडला नाही. जिथे गावातल्याच तरुणांना साधी पद्धत शिकवून वाचनवर्ग चालवायला दिले, तिथे वर्गाला येणारी मुलं वाचू लागली. हे शोधायला हेवलेट फाउंडेशन या अमेरिकन देणगीदार संस्थेनं आणि जागतिक बँकेनं पैसे दिले होते. असे पैसे देणारे फार थोडे. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चावे लागतात, पण अर्ज घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, "यात दिसणार काय?" बाक दिसतं. 'हा उपाय चालत नाही' हे उत्तर दिसत नाही, आणि मुलांची वर्षं वाचवणारं तेच असतं.

एवढं मी कुणाशीही ठामपणे बोलते. त्या गावाची आठवण आली की मात्र आवाज खाली येतो.

बीड जिल्ह्यातलं डोंगरकडेचं गाव. आमच्या अभ्यासात संध्याकाळचे वाचनवर्ग होते, एका फाउंडेशनच्या पैशांवर. चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांत वर्ग, निम्म्यांत नाही. दोन्हीकडे चाचणी सारखीच. हे गाव 'नाही'मधलं. पावसाळ्यात बेसलाईनला, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीला, गेले तेव्हा पाचवीतला एक मुलगा ओसरीवर समोर बसला. अक्षरं धडाधड वाचली. शब्दांपाशी अडला. काना, वेलांटी आली की बोट कागदावर थांबायचं, मग माझ्याकडे बघायचा. मदत करायची नाही, असा नियम. मी त्याच्या नावापुढे 'अक्षर' अशी खूण केली आणि कागद पिशवीत टाकला. आजी दारातून म्हणाली, "शेजारच्या गावात वर्ग लागलाय म्हनं. आमच्यात कवा लागायचा, म्याडम?"

मी म्हणाले, "वर सांगते." ते खोटं होतं. वर सांगण्यासारखं काही नव्हतंच, चिठ्ठी निघून गेली होती.

फेब्रुवारीत एंडलाईनला, म्हणजे शेवटच्या चाचणीला, गेले तर पोरगा नव्हता. आईबापाबरोबर टोळीत गेला होता, ऊसतोडीला. आजीनं आतून त्याची वही आणून उघडून दाखवली. मागच्या पानावर पेन्सिलीनं ओळीत लिहिलं होतं: पण, झड, गव. आजीला वाटलं, अभ्यास आहे. पाणी, झाड, गाव. माझ्या कागदावरचे शब्द होते. मी गेल्यावर त्यानं आठवून लिहून ठेवले होते, काना-वेलांटी सोडून. मी फॉर्मवर 'स्थलांतरित'चा रकाना भरला आणि पुढच्या घरी गेले.

तेव्हा मी नव्या सर्वेक्षकांना शिकवायचे, "वर्गाचा उपयोग होतो की नाही हेच माहीत नाही, मग तो न देणं म्हणजे हिरावून घेणं कसं?" जौनपूर आठवलं की वाटतं, बरोबरच बोलत होते. वही आठवली की वाटतं, त्या पोराला कुणी महिनाभर काना-वेलांटी शिकवली असती तर तो वाचायला लागला असता, हे कळायला कोणता अभ्यास लागत होता? पण तो एक पोरगा. जिल्ह्यातल्या हजारोंचं काय करायचं, हे त्या वहीतून कळत नाही. इथे मी अडते, आजही.

एक मात्र कळलं. कुठलंच गाव रिकामं न ठेवताही मोजता येतं. वडोदऱ्यात २००० नंतर बालसखीचा, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या वस्तीतल्याच तरुणीचा, अभ्यास झाला, तेव्हा निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला दिली, निम्म्यांत चौथीला. प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं आणि तुलनाही झाली. आमच्या कुणाला हे का सुचलं नाही? मुदत तीन वर्षांची होती. ती संपली, अहवाल इंग्रजीत निघाला, फाउंडेशनचा विषय बदलला. वर्ग त्या गावात गेलाच नाही. अहवालही नाही.

तो पोरगा आता अठराच्या आसपास असेल. २०२३ मध्ये 'असर' या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या देशव्यापी सर्वेक्षणानं २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाची मुलं तपासली. साधारण चौघांतल्या एकाला आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता आला नाही. हा आकडा कुणी पैसे दिले म्हणून आपल्याला माहीत आहे, गुरुजी. आणि त्यातलं एक पोर माझ्यासमोर बसलेलं होतं, हेही तितकंच खरं.

या दिवाळीनंतर नवा अभ्यास सुरू व्हायचा आहे. अर्जात मी एक ओळ घातली आहे: अभ्यास संपल्यावर राहिलेल्या गावांतही वर्ग, आणि निकाल मराठीतून ग्रामसभेत वाचून दाखवणे. त्याचा खर्च वेगळा मांडलाय. फंडरकडून अजून उत्तर नाही.