तिरसट माणसाची कैफियत

काही माणसांवर आळ घ्यायला लोकांना पुरावा लागत नाही. सोसायटीत नोटीस बोर्डाची काच फुटली, की सगळ्यांच्या माना ज्या दाराकडे वळतात तिथे हमखास एखादा तिरसट माणूस राहत असतो. ही पदवी घरच्यांनी मलाही अधूनमधून बहाल केलेली आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण आल्फ्रेड हिचकॉकचा ‘फ्रेन्झी’ मी निव्वळ थरारपट म्हणून कधी पाहूच शकलो नाही.

चित्रपट १९७२चा, लंडनमधला. रिचर्ड ब्लेनी हा हवाई दलातला माजी स्क्वाड्रन लीडर, आता कॉव्हेंट गार्डन या भाजी-फळांच्या मंडईतल्या एका पबात ग्लास भरतोय. सुरुवातीलाच मालक त्याला ब्रँडी चोरली म्हणून हाकलतो. पैसे देणारच होतो, हे सांगताना हा असा वसकन अंगावर जातो की ऐकणाऱ्याला वाटावं, चोरलीच असणार. मग मित्र रस्क त्याला द्राक्षांची पेटी आणि शर्यतीची टिप देतो. खिशात दमडी नाही, म्हणून ब्लेनी पैसे लावत नाही आणि नेमका तोच घोडा येतो, एकास वीसच्या भावाने. हे कळल्यावर हा गडी भर रस्त्यात ती द्राक्षं बुटाखाली चिरडतो. मी असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. द्राक्षं घरी नेली असती.

रस्क मात्र मंडईचा लाडका. फळांचा व्यापारी, टापटीप, सगळ्यांशी गोडीगुलाबी, खिडकीतून डोकावणाऱ्या आईची कौतुकाने ओळख करून देणारा. आणि टायने गळा आवळून बायकांचे खून करणारा तोच. हे हिचकॉक फार लवकर दाखवून टाकतो, तेव्हा मी इथे सांगितल्याने रसभंगाचं पाप लागू नये. तो खुनाचा प्रसंग मी आता न पाहता पुढे पळवतो. तो निर्दय आहे आणि माझ्या मते नको इतका लांबलाय. पण मंडई बघत बसावी अशी आहे. हिचकॉकचा बाप लेटनस्टोनला भाजी-फळं विकायचा, त्यामुळे या पोरालाही तो माल ओळखीचा. पुढे १९७४ साली कॉव्हेंट गार्डनचा बाजार लंडनमध्येच नाइन एल्म्सला हलला. इथे तो जुन्या जागी अजून गजबजलेला दिसतो.

ब्लेनीविरुद्धचा पुरावा, निदान सुरुवातीला, कुणी रचलेला नाही. त्याची घटस्फोटित बायको ब्रेंडा वधूवर सूचक केंद्र चालवते. तिच्या ऑफिसात हा आरडाओरडा करतो, सेक्रेटरी ऐकते. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा येतो, दार उघडत नाही म्हणून परत फिरतो, आणि जाताना नेमका त्या सेक्रेटरीला दिसतो. आत ब्रेंडा मरून पडलेली. कोपरांवर चामड्याची ठिगळं असलेल्या त्याच्या कोटाचं वर्णन पेपरात येतं. आदल्या रात्री ब्रेंडाने दया येऊन गुपचूप खिशात सरकवलेल्या नोटांवर हा हॉटेलात राहिलेला असतो. हे सगळं कुणाला समजावून सांगणार? आणि सांगणार तेही ब्लेनीच्या तोंडाने!

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. इथे संन्यासी शोधूनही सापडत नाही. पबातले दोन सभ्य गृहस्थ तर जॉन ख्रिस्ती या खुन्यानंतर असे झकास खून झालेच नाहीत म्हणून हळहळतात. हा ख्रिस्ती खराखुरा. त्याच्या साक्षीवर १९५० साली टिमथी एव्हान्स या निरपराध माणसाला फासावर चढवलं, आणि तीन वर्षांनी खुद्द ख्रिस्तीच दोरावर गेला. एव्हान्सला माफी मिळाली १९६६ साली. ब्लेनीचं नशीब एवढंच, की त्याच्या वेळेपर्यंत ब्रिटनमध्ये खुनाला फाशी उरली नव्हती.

गोड माणसाचा पगडा किती बसतो बघा. रस्कची टायपिन ब्लेनीची मैत्रीण बॅब्स हिच्या मुठीत राहते. बॅब्स मेलेली, बटाट्याच्या पोत्यात, पोतं ट्रकमध्ये. पिन काढायला रस्क मागे चढतो आणि ट्रक सुटतो. बटाटे घरंगळतायत, ताठ झालेली बोटं एकेक करून मोडावी लागतायत. आणि आपण ‘सापडू दे रे बाबा एकदाची’ म्हणत त्याच्यासाठी श्वास रोखून बसलेलो! ब्लेनी पळत असताना एवढा जीव माझाही टांगणीला लागला नव्हता.

खरं काय ते कळतं या खुनांचा तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर ऑक्सफर्डच्या बायकोला. तिने फ्रेंच स्वयंपाकाचा क्लास लावलाय. नवऱ्याच्या ताटात कधी माशांची मुंडकी तरंगणारं सूप, कधी द्राक्षांसोबत एवढासा पक्षी. बिचारा ऑफिसात सॉसेज-अंड्यांवर भूक भागवून घेतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कसला आलाय प्रेमापोटी खून, असा तिचा सवाल. आरोपीचं तोंडही न पाहता केलेला तपास! कदाचित म्हणूनच अचूक.

शिक्षा झालेला ब्लेनी शेवटी तुरुंगातून इस्पितळात नेल्यावर तिथून निसटतो आणि लोखंडी कांब घेऊन रस्कच्या घरी जातो. अंथरुणातल्या आकृतीवर घाव घालतो. पांघरुणाखाली निघते आधीच मेलेली बाई. दारात इन्स्पेक्टर. तेवढ्यात एक मोठी ट्रंक ओढत रस्क येतो, आणि इन्स्पेक्टर त्याला एवढंच ऐकवतो की आज तुम्ही टाय घातलेला नाही. चित्रपट तिथेच संपतो. ब्लेनीची माफी मागायला कुणाला वेळच मिळत नाही. आणि मागितली असती, तरी तो काही धड बोलला असता असं वाटत नाही.