टॅपेट वाजत नव्हते

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकांची 1974 सालची अँबॅसिडर माझ्या गॅरेजला आली ती चालतच, पण मिसिंग मारत, म्हणजे इंजिन मध्ये मध्ये ठोके चुकवत. मुलीकडे नाशिकला जाऊन परतताना बिजासन घाटात दमली, म्हणाले. आधी दुसरीकडे दाखवलं होतं. तिथे ‘इंजिन संपलं, दुसरं बसवून टाका’ असं सांगितलं होतं. काकांना ते पटेना, म्हणून इकडे आले.

बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि नुसतं ऐकत उभा राहिलो. या इंजिनाचे टॅपेट (सिलिंडरचे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराची झाकणं, ढकलून उघडणारे भाग) वाजतात, वाजलेच पाहिजेत. शिलाई मशीन चालावं तशी एकसारखी टकटक. इथे मधले गप्पच होते. काका मात्र खूश: “बघ रे, एवढ्या वयात आवाज उलट कमी झालाय तिचा!” माझ्या मनात तिथेच शंका आली.

कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, बघितलं. एक आणि चार नंबरला 120 पाउंडांच्या आसपास, दोन आणि तीनला त्याच्या निम्मंही नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकदम बसले की कोणीही हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगवर, बोट ठेवेल. पण मी आधी टॅपेट कव्हर काढलं. आठ व्हॉल्व्हच्या या इंजिनात नऊचा हिशोब चालतो: जो व्हॉल्व्ह तपासायचा त्याचा नंबर नवातून वजा करा, उरेल तो पूर्ण उघडा हवा. म्हणजे चारसाठी पाच, पाचसाठी चार. हे दोन्ही एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणारे, दोन आणि तीन सिलिंडरचे, एकमेकांना लागून. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप 15 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) हवा. तिथे 2 थाऊची पातीसुद्धा शिरेना.

हेड उतरवलं. गॅस्केट ठणठणीत होतं. त्या दोन व्हॉल्व्हच्या कडा जळून खपल्या निघालेल्या, आणि सीट (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या जागा) हेडमध्ये खोल बसलेल्या. सीट जसजशी हेडमध्ये आत खचते तसतसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि रॉकरशी असलेला गॅप संपतो. गॅप संपला की टॅपेट गप्प होतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. काकांना जो आवाज कमी झाल्यासारखा वाटत होता तो हाच.

हेच दोन का, हे कळायला इंजिनाची जन्मकथा माहीत हवी. हे ब्रिटनच्या ऑस्टिनचं बी-सीरीज इंजिन. त्याचं मूळ 1947 साली ए-40 गाडीत आलेलं 1200 सीसीचं इंजिन. 1952 मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) झाली, आणि पुढे तेच इंजिन सुधारून, 1489 सीसी होऊन मॉरिस ऑक्सफर्डमध्ये बसलं. 1955 च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही तेच, हे मला आजही विलक्षण वाटतं. ऑक्सफर्डवरूनच बनलेली आपली अँबॅसिडर आधी जुन्या साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, सिलिंडरच्या बाजूला) इंजिनावर धावायची, 1959 मध्ये तिला हे मिळालं. हेडचा हृदयाच्या आकाराचा ज्वलनकक्ष इंजिनतज्ज्ञ हॅरी वेस्लेकचा. पण पुशरॉड (रॉकर हलवणाऱ्या दांड्या) आणि पोर्ट (हवा-धुराच्या वाटा) एकाच बाजूला असल्याने जागेची ओढाताण: आठ व्हॉल्व्हना पोर्ट पाचच. मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच वाटेने जातो, म्हणून हेडचा तोच भाग सगळ्यात जास्त तापतो.

आणि सीट म्हणजे हेडचंच साधं बीड (ओतीव लोखंड). त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचा थर सीटवर बसून व्हॉल्व्हचा मार झेलायचा. 2000 सालापासून आपल्याकडे शिसं बंद झालं, हवेसाठी ते व्हायलाच हवं होतं. शहरातल्या शहरात, राजवाड्यापर्यंत जाऊन यायला ही गाडी त्यानंतरही वर्षानुवर्षं चालली असती. चौपदरी रस्त्यावर तासन् तास दाबून पळवली, त्यावर घाट, तेव्हा सीट खचल्या.

जळका व्हॉल्व्ह आणि खचलेली सीट काकांच्या हातात दिली. ते बराच वेळ बोट फिरवत बसले. मग म्हणाले, “म्हणजे बाकी इंजिन चांगलंय?” ब्लॉक, क्रँक, पिस्टन, सगळं चांगलं होतं. असं इंजिन भंगारात काढायला सांगणं मला सहन होत नाही.

लेथवाल्याकडून चारही एक्झॉस्टना कडक धातूच्या सीट बसवून घेतल्या, व्हॉल्व्ह नवे टाकले, टॅपेट 15 वर बांधले. 500 किलोमीटरनंतर हेड पुन्हा कसून गॅप तपासायला या, असं काकांना लिहूनच दिलं. जुन्या, मूळ हेडची अँबॅसिडर ज्यांच्याकडे आहे त्यांनीही लांबच्या प्रवासाआधी चार आणि पाचचा गॅप एकदा बघून घ्यावा. अर्ध्या तासाचं काम आहे.